वाढदिवसाची भेट कुणाच्या खात्यातून? एका छोट्या हस्तकला दुकानाचं प्रकरण

एका छोट्या हस्तकला दुकानात वर्षअखेरच्या साठा मोजणीत तूट निघाली. चोरी झालेली नव्हती, मोडतोडही फारशी नव्हती. कमी पडलेल्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक वस्तू दुकानातल्याच माणसांच्या घरी होत्या. कुणाला वाढदिवसाला, कुणाला कामाची वर्षं भरली म्हणून, कुणाला निरोपाच्या दिवशी त्या सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात दिलेल्या होत्या. फक्त त्या वस्तू दुकानाच्या मालकीच्या नव्हत्या.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण यात वाईट माणूस एकही नाही. मालकीणबाई आपल्या माणसांना जीव लावणाऱ्या, कर्मचारी प्रामाणिक, कलाकार समजूतदार. तरीही दहा वर्षं जपलेला विश्वास एका समारंभाच्या तयारीत तुटायच्या बेतात आला. दुकान आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि ठिकाण गाळलं आहे, काही तपशील बदलले आहेत. मी या सगळ्यात आले ती हिशेब बघायला, त्यामुळे माझी नजर आधी वहीवर जाते आणि मग माणसांवर. या प्रकरणात मात्र वही वाचल्याशिवाय माणसं कळत नाहीत.

जांगड वही

दुकानात पाच जण कामाला. काउंटरवर दोघी, माल बांधायला आणि पोचवायला एक मुलगा, अर्धवेळ हिशेबनीस, आणि झाडलोटीपासून वस्तू पुसून मांडण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या मावशी. माल वीसेक स्थानिक कलाकारांचा: मातीची भांडी, ठशांनी छापलेलं कापड, लाकडी कोरीवकाम, भरतकाम, हातकागदाच्या वह्या. यातला बहुतेक माल जांगड. कलाकार वस्तू ठेवून जातो, वहीत नोंद होते, वस्तू विकली गेली की ठरलेला हिस्सा त्याला मिळतो, नाही विकली तर तो ती परत नेतो. इथे वाटणी साठ-चाळीस होती. किमतीतले साठ टक्के कलाकाराचे, चाळीस दुकानाचे. महिन्यात जे विकलं जाईल त्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेला.

जांगडीतली एक गोष्ट रोजच्या धबडग्यात सगळ्यात आधी विसरली जाते. फळीवरची वस्तू विकली जाईपर्यंत कलाकाराचीच असते, दुकान तिचं राखणदार. विकल्यावर जे पैसे येतात, त्यातला कलाकाराचा हिस्सासुद्धा दुकानाकडे ठेव म्हणूनच असतो. काही ठिकाणी हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने १९६६ साली कलाकार आणि विक्रेता यांच्यातल्या अशा व्यवहारासाठी कायदा केला. ठेवलेली कलाकृती आणि तिच्या विक्रीतून येणारी कलाकाराची रक्कम, दोन्ही विक्रेत्याने विश्वस्त म्हणून सांभाळायची, असं त्यामागचं तत्त्व आहे. इथल्या दुकानात असा कुठला कागद नव्हता. तोंडी बोली होती आणि ती बरीच वर्षं नीट पाळली गेली.

मग भेटी सुरू झाल्या. सुरुवात फार सुंदर होती. काउंटरवरची एक मुलगी रोज सकाळी एक निळसर करडा वाडगा पुसायची आणि तो परत ठेवताना हातात क्षणभर जास्त धरायची. मालकीणबाईंनी ते हेरलं आणि तिच्या वाढदिवसाला तोच वाडगा कागदात गुंडाळून दिला. मुलीला रडू आलं. तेव्हापासून प्रघातच पडला: ज्याचा वाढदिवस, त्याने फळीवरची आपल्या आवडीची एक वस्तू उचलायची.

हा प्रघात मुळातच चुकीचा होता असं मला वाटत नाही. उलट छोट्या दुकानाला यापेक्षा चांगली पद्धत सुचणं कठीण. ज्या बाईने रोज सकाळी एखाद्या कलाकाराच्या पेल्यातून चहा घेतला आहे, ती गिऱ्हाइकाला त्या पेल्याबद्दल जे सांगेल ते छापील कार्डावर कधीच येणार नाही. कान कसा बोटांत बसतो, काठ ओठाला कसा लागतो, तळ टेबलावर घासतो की नाही. निवड करायची म्हणून कर्मचारी माल बारकाईने बघायला लागले. बांधणीवरच्या मुलाने वह्या हाताळून हाताळून कागदाचे प्रकार ओळखायला शिकून घेतलं. समारंभ आणि धंदा एकमेकांना धरून चालले होते.

वहीत मात्र काय होत होतं? पहिल्या दोन-चार भेटींपुढे पेन्सिलीने ‘भेट’ असं लिहिलेलं आहे. मग नुसतीच बरोबरची खूण. मग काहीच नाही. किमतीची चिठ्ठी काढून टाकायची, वस्तू द्यायची, नोंद राहून जायची. मालकीणबाईंच्या मनात होतं की वर्षअखेर एकदम हिशेब करू. वर्षअखेर आली की मोसमाची गर्दी, मग मोजणी, आणि मोजणीत या वस्तू फुटलेल्या, हरवलेल्या वस्तूंबरोबर ‘तूट’ या एकाच रकान्यात जाऊन बसायच्या. कलाकाराने विचारलं तर उत्तर मिळायचं, ‘सापडत नाहीये, बघते.’ कुणी फारच लावून धरलं तर तडजोड म्हणून निम्मी रक्कम. बहुतेकांनी लावून धरलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि कलाकारांना तर दुकानाची भीड फार असते, कारण फळी मिळणं सोपं नसतं.

याचा परिणाम जो व्हायचा तो झाला, फक्त हळूहळू. ‘त्यांच्याकडे वस्तू फार हरवतात’ हे कलाकारांमध्ये आपसांत बोललं जाऊ लागलं. चांगलं काम ते दुसरीकडे द्यायला लागले आणि इथे साधा, हलका, गेला तर जीव हळहळणार नाही असा माल ठेवायला लागले. मालकीणबाईंना वाटत होतं की कलाकारांचा हात उतरला आहे. मला दाखवायला त्यांनी जुनी आणि नवी भांडी शेजारी शेजारी मांडली. फरक खरोखरच होता. कारण मात्र त्यांच्याच वहीत होतं, न लिहिलेल्या ओळींमध्ये.

दहावं वर्ष

दुकानाला दहा वर्षं होणार होती. मालकीणबाईंनी ठरवलं की यंदा कर्मचाऱ्यांसाठी मोठा समारंभ करायचा आणि त्यात स्थानिक कलाकारांनाही सामील करून घ्यायचं. तीन गोष्टी ठरल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचं नाव कोरलेला पेला, येणाऱ्या सगळ्यांना दुकानाची म्हणून एक कापडी पिशवी, आणि कलाकारांना आमंत्रण. तिन्ही कल्पना चांगल्या होत्या आणि तिन्ही गोष्टींत गाडं अडलं.

आधी पेले. मालकीणबाईंनी मातीकाम करणाऱ्या बाईंना फोन केला तेव्हा समारंभाला दोन आठवडे होते.

‘अगं, सहाच तर पेले हवेत. तुझ्या हाताला काय वेळ लागतो?’

‘ताई, हाताला नाही लागत. मातीला लागतो.’

हे उत्तर टाळण्यासाठी दिलेलं नव्हतं, आणि ते का खरं आहे हे दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. चाकावर पेला उतरवायला काही मिनिटं पुरतात. पण नाव कोरायचं तर माती ना ओली हवी ना कोरडी, चामड्यासारखी घट्ट हवी, आणि ती अवस्था साधारण दुसऱ्या दिवशी येते, मग निसटते. कान जोडायचा तोही त्याच सुमाराला. जोडल्यावर कान पेल्यापेक्षा लवकर वाळला तर सांध्याला चीर जाते, म्हणून सगळं झाकून, संथपणे वाळवायचं. पुरतं वाळायला दमट हवेत आठवड्याहून जास्त लागू शकतो. मग पहिली भाजणी १००० अंश सेल्सिअसच्या आसपास, मग झिलई, मग दुसरी भाजणी. स्टोनवेअरसाठी, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांसाठी, ती १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान जाते. सहा पेल्यांसाठी कुणी भट्टी पेटवत नाही, ती भरेपर्यंत थांबावं लागतं. आणि घाई सगळ्यात महागात पडते ती शेवटी, भट्टी निवताना. मातीतला क्वार्ट्ज ५७३ अंशांच्या सुमाराला आपली रचना बदलतो आणि एकदम आकसतो. तिथून खाली भट्टी फार झपाट्याने थंड केली, दार लवकर उघडलं, तर चांगली भाजलेली भांडीसुद्धा तडकतात. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत वस्तू साधारण दहा-बारा टक्के लहान होते, म्हणजे कोरलेली अक्षरंही लहान होतात, तेही आधीच धरून चालावं लागतं. एवढं सगळं दोन आठवड्यांत बसत नाही. बाईंनी सहा आठवडे मागितले.

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि फळीवरचेच सहा पेले काढून घेतले. त्याच बाईंचे, जांगड ठेवलेले. नाव कोरणं शक्य नव्हतं म्हणून तळाला रंगाने नावं लिहून घेतली. तळाशी त्या बाईंचा शिक्का होता, रंग नेमका त्याच्यावर आला.

आता पिशवी. ठशांनी छपाई करणाऱ्या कलाकार ताईंची एक ओढणी दुकानात होती, वेलबुट्टीची. पिशवीसाठी नक्षी हवी म्हणून काउंटरवरच्या मुलीने तिचा फोटो काढला, छपाईवाल्याने त्यावरून स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, केली, नीळ आणि मंजिष्ठाच्या रंगांऐवजी गुलाबी केलं, वर दुकानाचं नाव टाकलं. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. ‘ओढणी आपल्याकडेच आहे, नक्षीही पारंपरिकच आहे,’ असं म्हटलं गेलं.

छपाईवाल्या ताईंनी पिशवी पाहिली आणि एकाच नजरेत ओळखली. लाकडी ठसा वापरून वापरून त्याच्या कडेचा एक टवका उडाला होता. त्यामुळे छापलेल्या कापडावर दर वितीला, एका पानाच्या टोकाशी, तांदळाएवढा पांढरा ठिपका राहायचा. पिशवीवर तो ठिपका होता. स्क्रीन करताना नक्षी मोठी केल्यामुळे तो चवळीएवढा झाला होता, आणि प्रत्येक पिशवीवर त्याच जागी होता.

वस्तू जवळ असणं आणि नक्षीवर हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानं याच जागी नेहमी अडखळतात. ओढणी विकत घेतली असती तरी नक्षी छापायचा हक्क त्याबरोबर आला नसता. इथे तर ओढणी विकतही घेतलेली नव्हती. वेलबुट्टीची रीत परंपरेतून आलेली असली, तिच्यावर कुणा एकाची मालकी नसली, तरी त्या रीतीत एका व्यक्तीने बसवलेली विशिष्ट मांडणी तिची असू शकते. १८८६ साली झालेल्या बर्न कराराचं, म्हणजे लेखक-कलाकारांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, १९२८ साली रोममध्ये परिष्करण झालं तेव्हा त्यात एक कलम घातलं गेलं. आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले असले तरीही आपल्या कृतीचं कर्तृत्व आपलं आहे असं सांगण्याचा, आणि तिची मानहानी होईल अशी मोडतोड होत असेल तर विरोध करण्याचा, निर्मात्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. आज १८०हून अधिक देश या करारात आहेत. पिशवीच्या बाबतीत प्रकरण कोर्टापर्यंत जाण्यासारखं नव्हतं आणि ताईंची तशी इच्छाही नव्हती. त्यांना दोन गोष्टी खटकल्या होत्या: विचारलं नाही, आणि गुलाबी केलं.

यावर दुकानात वाद झाला तेव्हा हिशेबनिसाने एक मुद्दा मांडला. कारागिरीत नाव कशाला हवं, जुने कारागीर कुठे नावं लिहायचे? मुद्दा हलका नाही. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी १९२०च्या दशकात अनाम कारागिरांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचं सौंदर्य पुढे आणणारी मिंगेई चळवळ उभी केली. त्यांचे सहकारी हामादा शोजी हे जगप्रसिद्ध कुंभार, पण मायदेशी स्थिरावल्यावर ते आपल्या भांड्यांवर शिक्का मारत नसत. पण शिक्का न मारण्याचा तो निर्णय हामादांनी स्वतः घेतला होता. आपलं नाव पुसण्याचा हक्क ज्याचं नाव आहे त्यालाच असतो. दुकानाने रंगाखाली शिक्का झाकला, त्याला अनामतेचं तत्त्वज्ञान लावता येणार नाही.

आणि आमंत्रण. कलाकारांना गेलेल्या निरोपात शेवटी एक ओळ होती: ‘येताना आपापली हत्यारं घेऊन या, थोडं प्रात्यक्षिकही होऊन जाऊ दे.’ लिहिताना ती उत्साहाच्या भरात लिहिली गेली असणार. पण वाचणाऱ्याला त्यातून कळलं ते असं, की कर्मचारी समारंभात पाहुणे आहेत आणि आपण कार्यक्रम आहोत. लाकूडकाम करणारे काका वयाने सत्तरीच्या पुढचे. पटाशा, हातोडी, लाकूड, खाली अंथरायचं जाड फडकं, एवढं सगळं घेऊन यायचं, तीन तास खाली बसून कोरायचं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्या वेळेचे पैसे किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकांनी मालकीणबाईंना फोन केला आणि शांतपणे सांगितलं, ‘ताई, माझा वाढदिवस तुमच्या लक्षात नाही राहिला तरी चालेल. दहा तारीख तेवढी लक्षात ठेवत जा.’ मागचे दोन महिने त्यांचे पैसे उशिरा गेले होते. समारंभाचा खर्च निघावा म्हणून.

या संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात टोचलेली गोष्ट हीच. एका हाताने आमंत्रण आणि दुसऱ्या हाताने थकबाकी. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण मालकीणबाईंच्या स्वभावाला अजिबात लागू पडत नाही, पण त्यांच्या वहीला तंतोतंत लागू पडत होती.

माल परत

समारंभाच्या चार दिवस आधी मातीकामवाल्या बाई दुकानात आल्या आणि आपला सगळा जांगड माल मोजून परत मागितला. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची वही होती, दुकानाच्या वहीपेक्षा कितीतरी नीट. हिशेबनिसाने दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या. अकरा वस्तू जुळत नव्हत्या. बाई एकेक वस्तू वाचत गेल्या आणि काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उतरत गेला. ‘निळसर करडा वाडगा, एक.’ तिच्या घरी होता तो.

मावशी तेव्हा बाजूला फळी पुसत होत्या. त्या घरी गेल्या आणि तासाभराने एक झाकणाची बरणी घेऊन परत आल्या. ती त्यांना पाच वर्षांच्या कामाबद्दल मिळाली होती. ती त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. ‘हिचे पैसे दिलेत असं मला वाटलं होतं गं. मी मीठ ठेवते हिच्यात.’ बाईंनी बरणी घेतली नाही. झाकण उचलून पाहिलं, नीट बसतंय ना ते बघितलं आणि परत दिलं. म्हणाल्या, ‘मावशी, ही तुमचीच. माझा हिशेब तुमच्याशी नाहीये.’

कर्मचाऱ्यांच्या बाजूने हे नुकसान कुणी मोजत नाही. ज्याला भेट मिळाली त्याच्यासाठीसुद्धा ती भेट नासली. आपल्या सन्मानाची किंमत दुसऱ्या कष्टकऱ्याने नकळत भरली हे कळल्यावर ती वस्तू वापरताना मन खातं. काउंटरवरच्या मुलीने वाडगा कपाटात ठेवून दिला, असं तिने मला नंतर सांगितलं.

मालकीणबाईंनी त्या दिवशी कसलीही सारवासारव केली नाही, हे इथे नोंदवायलाच हवं. अकरा वस्तूंचे साठ टक्के त्यांनी तिथेच दिले. सहा पेल्यांचे वेगळे. समारंभ पुढे ढकलला.

मग काय केलं

तोडगा शोधताना आधी टोकाचे पर्याय पुढे आले. भेटी बंदच करून रोख रक्कम द्यावी, असं हिशेबनिसाचं म्हणणं. कर्मचाऱ्यांना ते नको होतं. रोख पैसे घरखर्चात मिसळून जातात, वस्तू राहते, हे बांधणीवरच्या मुलाने नेमकं मांडलं. दुसरा पर्याय, किंचित डागाळलेल्या, वाकलेल्या वस्तू कलाकारांकडून स्वस्तात घेऊन त्या भेट द्याव्यात. काही कलाकार तयार होते, पण मातीकामवाल्या बाईंनी ठाम नकार दिला. सदोष भांडं त्या विकतच नाहीत, फोडतात, कारण त्याच्या तळाशी त्यांचा शिक्का असतो. कर्मचाऱ्यांनाही ‘डागाळलेली वस्तू तुमच्यासाठी’ हा निरोप रुचला नसता. हा पर्याय मागे पडला ते बरंच झालं.

तिसरी सूचना मालकीणबाईंची: कलाकारांचेही वाढदिवस साजरे करावेत, त्यांनाही भेटी द्याव्यात. भावना समजण्यासारखी आहे, पण हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं असतं. कलाकार दुकानाचे कर्मचारी नाहीत. त्यांचं दुकानाशी नातं बरोबरीच्या व्यापाऱ्याचं आहे, आणि बरोबरीच्या व्यापाऱ्याला सगळ्यात मोठा मान म्हणजे वेळेवर पैसे.

शेवटी जी पद्धत बसली ती अगदी साधी आहे. फळीवरची वस्तू भेट म्हणून उचलली की तीही विक्रीच. त्याच दिवशी, शाईने, पूर्ण किमतीला नोंद करायची, खरेदीदार म्हणून दुकानाचं नाव लिहायचं, आणि कलाकाराचे साठ टक्के नेहमीच्या तारखेला द्यायचे. कर्मचाऱ्याला स्वतःसाठी काही सवलतीत घ्यायचं असेल तर सवलत दुकानाच्या चाळीस टक्क्यांतून जाते, कलाकाराच्या साठाला हात लागत नाही.

मालकीणबाईंना आधी वाटलं की हे परवडणार नाही. मग आम्ही बसून आकडे मांडले. वस्तूची किंमत शंभर धरली तर भेट देताना दुकानाच्या गल्ल्यातून जातात साठ. उरलेले चाळीस दुकानाचे स्वतःचेच, ते फक्त मिळत नाहीत. म्हणजे शंभराची वस्तू दुकानाला साठात पडते, आणि ते साठही आपल्याच कलाकाराकडे जातात. बाहेरून आणलेल्या कुठल्याही भेटवस्तूपेक्षा हे किफायतशीर आहे. इतकी वर्षं जे चुकवलं गेलं ते एवढंच होतं. आता वर्षाच्या सुरुवातीला समारंभांसाठी एक रक्कम बाजूला काढून ठेवतात, किती ते कर्मचाऱ्यांनाही माहीत असतं, आणि त्यात बसेल तेवढंच होतं. यामुळे भेटी थोड्या लहान झाल्या. तक्रार कुणी केली नाही, पण उत्साह पहिल्यासारखा उसळता राहिला नाही, हेही खरं.

जुन्या तुटीचं काय करायचं हा अवघड भाग होता. हिशेबनिसाने आणि काउंटरवरच्या दोघींनी बसून, कुणाला कधी काय दिलं ते आठवून, फोटो शोधून यादी केली. समारंभांचे फोटो इथे उपयोगी पडले, कारण प्रत्येक फोटोत वस्तू हातात धरलेली होती. ज्या वस्तूंचा छडा लागला त्यांचे पैसे तीन हप्त्यांत दिले. ज्यांचा लागला नाही त्या वस्तू कलाकाराच्या वहीप्रमाणे खऱ्या धरल्या. दोन कलाकारांकडे वहीच नव्हती, त्यांच्याशी बोलून रक्कम ठरवली.

पिशव्या आधीच छापून झाल्या होत्या. छपाईवाल्या ताईंना प्रत्येक पिशवीमागे ठरावीक मोबदला देण्याचं ठरलं आणि त्यांच्या नावाची कापडी पट्टी आतून शिवली. गुलाबी रंगाचं काही करता आलं नाही. पुढच्या वेळी नक्षी त्या स्वतः देणार, रंगही त्याच ठरवणार, किती पिशव्या छापायच्या ते आधी लिहून घेणार, असा एका पानाचा कागद झाला. एक पान पुरतं. त्यात नक्षी कशावर छापणार, किती नग, कधीपर्यंत, नाव कुठे येणार आणि मोबदला किती, एवढं असलं की झालं.

प्रात्यक्षिकाचे पैसे आता वेळेप्रमाणे मिळतात आणि ते आमंत्रणापासून वेगळं विचारलं जातं. समारंभाचं आमंत्रण कुठलीही अट न घालता येतं. लांबलेल्या समारंभाला काका आले, हत्यारं न घेता. तासभर बसले, मावशींशी गप्पा मारल्या. त्या दिवशी प्रात्यक्षिक नव्हतंच, आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही. मला स्वतःला प्रात्यक्षिकं आवडतात. पण ती विक्रीच्या दिवसांत असावीत, जेव्हा काम बघून कुणीतरी ते विकत घेण्याची शक्यता असते.

नाव कोरलेले पेले सहा आठवड्यांनी आले, निम्मी रक्कम आगाऊ देऊन. मधल्या काळात हातकागदाच्या वह्या बनवणाऱ्यांचा मुलगा दुकानात कामाला लागला होता. त्याचं नाव यादीत नव्हतं आणि माती वाळून गेली होती. त्याला बिननावाचा पेला मिळाला, पुढच्या भट्टीत नावाचा.

एक पेच मात्र अजून सुटलेला नाही. काउंटरवरच्या दुसऱ्या बाई स्वतः भरतकाम करतात आणि त्यांचा माल याच दुकानात जांगड असतो. त्या कर्मचारीही आहेत आणि कलाकारही. वाढदिवसाला सहकाऱ्याने त्यांचीच वस्तू निवडली तर त्यांना पैसे मिळतात, आणि निवडणाऱ्याला वाटतं की आपण त्यांना नाराज करायला नको. शिवाय फळ्या त्याच लावतात. त्यांचं काम डोळ्यांच्या पातळीवर असतं, काकांचं खालच्या फळीवर. त्यांनी मुद्दाम केलं असं कुणी म्हणत नाही, मलाही तसं वाटत नाही. पण वह्या बनवणाऱ्यांनी हे बोलून दाखवलं आहे. फळ्यांची मांडणी दर महिन्याला आळीपाळीने बदलायची आणि ती भरतकामवाल्या बाईंऐवजी मावशींनी लावायची, अशी माझी सूचना आहे. मालकीणबाई विचार करताहेत. बाईंना ते अपमानास्पद वाटेल अशी त्यांना धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोलायला हवं, आणि तेही कुणाचा वाढदिवस नसलेल्या दिवशी.

मातीकामवाल्या बाई परत आल्या आहेत, पण जांगडीवर नाही. दुकान त्यांची भांडी आता पैसे मोजून घेतं, थोडी घेतं, आणि त्यात चांगल्या कामाचं प्रमाण पुन्हा वाढलं आहे. जांगड पुन्हा सुरू करायची का, हे वर्षअखेरची मोजणी बघून ठरवू, असं त्यांनी सांगितलं आहे. त्या मोजणीला त्या स्वतः हजर राहणार आहेत, आपली वही घेऊन.